ओरिजिनल इटालियन, नंबर बेचाळीस

मुलीने काही मागितलं तर बापाने ते ऐकावं, निदान ऐकल्यासारखं करावं, अशी नैरोबीच्या बुरुबुरूतल्या सभ्य घरांची रीत आहे. जेरेमाया मुथोकासाहेबांनी ती कधी मोडली नव्हती. म्हणूनच त्या शनिवारी सकाळी चहाच्या वेळी न्दुकू म्हणाली, "बाबा, मी हॉस्टेलला जायच्या आधी एकदा माझ्याबरोबर स्केटिंग कराल? एकच फेरी. आपल्याच गल्लीत, वरून खाली फाटकापर्यंत, हात धरून," तेव्हा साहेब पेपरातून डोकं न काढता "बरं, बरं" म्हणून मोकळे झाले.

"काय बरं, बरं?" रोझालियाबाईंनी तळलेल्या गोड मंदाझींची बशी जरा जोरातच टेबलावर ठेवली. "कशाला बरं म्हणालात तेवढं सांगा बघू."

साहेबांनी पेपर खाली केला. समोर मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. महिना संपता संपता ती पार किसुमूच्या पलीकडे, सरोवराकाठच्या मुलींच्या शाळेत राहायला जाणार होती. पत्र्याची पेटी आणून झाली होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव घालून झालं होतं, कुलूपही लागलं होतं. ही पोर आजवर आईबापांना सोडून एक रात्रही कुठे झोपली नव्हती, आणि या विषयावर गेला महिनाभर तिने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. मागितली ती ही एवढी फेरी.

"स्केटिंग ना?" साहेब छाती काढून म्हणाले. "मुथोका एकदा हो म्हणाला म्हणजे झालंच समज."

वास्तविक साहेबांचा धंदा नाही म्हणण्याचा. ते एका विमा कंपनीत नुकसानभरपाईचे अर्ज तपासत, म्हणजे कोणाचाही अपघात हा अपघात नसून त्याचाच गाढवपणा कसा होता हे चार सभ्य वाक्यांत कळवत. घरातल्यांना त्यांच्या तोंडून हो ऐकायची फारशी सवय नव्हती. त्यामुळे न्दुकूने वेळ न दवडता त्याच दुपारी त्यांना मॉलमधल्या खेळाच्या दुकानात नेऊन उभं केलं.

तिथल्या पोरीने साहेबांचे मोजे काढायला लावले, टाच भिंतीला टेकवून पायाखाली कागद सरकवला आणि अंगठ्यापुढे रेघ मारली.

"चव्वेचाळीस, सर. आणि पाय जरा पसरट आहे."

"मी बेचाळीस घालतो."

"कधीपासून?"

"लग्नात घेतले होते ते बेचाळीस होते."

"सर, लग्नानंतर माणूस सगळीकडूनच वाढतो," ती म्हणाली, आणि न्दुकू खो खो हसली. हे साहेबांच्या मनाला लागलं.

पोरीने चव्वेचाळीसचे स्केट्स आणले. एका रांगेत चार चाकं, घोट्याच्या वरपर्यंत येणारा टणक बूट, उजव्या टाचेमागे रबरी ब्रेक. तिने पट्टे आवळले, साहेबांना उभं केलं, गुडघे वाकवायला लावले. "बोटं पुढे नुसती टेकल्यासारखी वाटताहेत ना? आता टाच उचलून बघा. बुटातल्या बुटात उचलली जात नाहीये? मग माप बरोबर."

माप बरोबर होतं. कुठे टोचत नव्हतं, कुठे हलत नव्हतं. तिथेच साहेबांना संशय आला. कागदपत्रं पहिल्या फटक्यात बरोबर असलेला अर्ज त्यांनी जन्मात मंजूर केला नव्हता. शिवाय बुटाला नव्याचा वास येत होता. आणि नव्या वस्तूबद्दल नैरोबीतल्या जाणत्या माणसाचं मत ठरलेलं आहे: नवं ते नकली. असली माल परदेशातल्या कोणीतरी आधी वापरलेला असतो, गाठोड्यात दाबून जहाजाने येतो आणि गिकोंबाच्या बाजारात मितुंबा म्हणून ढिगाने मिळतो. साहेबांचा कोट मितुंबा होता, टाय मितुंबा होता, घरातले पडदे मितुंबा होते आणि त्यांवर कोण्या जर्मन हॉटेलचं नाव होतं. पाहुण्यांना ते नाव दिसेल अशाच बेताने ते लावलेले होते.

"प्लॅस्टिक आहे," साहेब बुटावर टिचकी मारून म्हणाले. "चल न्दुकू. उद्या तुला ओरिजिनल म्हणजे काय ते दाखवतो."

"बाबा, पण हे बसलेत पायात."

"बसायला काय, खुर्चीसुद्धा बसते."

हे बोलणं बरोबर जमलं नाही हे त्यांच्याही लक्षात आलं, पण तोवर ते दुकानाबाहेर पडले होते.

गिकोंबात न्जोगू नावाचा बूटवाला साहेबांच्या खास ओळखीचा होता, म्हणजे तो त्यांना वर्षानुवर्षं गंडवत आला होता. त्याच्या टपरीवर खिळ्याला एकच स्केट लटकत होता. उजवा. जोडीतला एकच बाहेर ठेवायचा हा तिथला शिरस्ता, कारण चोराला एका बुटाचा उपयोग नसतो. डावा न्जोगूच्या मेहुण्याकडे, बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला नदीजवळ ठेवलेला होता. त्याला सांगावा गेला आणि तोवर उजवा साहेबांच्या पायात चढवण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

"इटालियन आहे, साहेब. बघा, आत लिहिलंय. गोऱ्याने एकदाच घातला असेल. दिला टाकून."

"का दिला टाकून?" न्दुकूने विचारलं.

"गोऱ्यांचं काय सांगावं, ताई? त्यांना टाकायला आवडतं."

पाय आत जाईना. न्जोगूने खालून ढकललं, साहेबांनी वरून जोर लावला, शेजारच्या केळीवाल्याने मागून आधार दिला. शेवटी काहीतरी कचकन वाजलं आणि पाय आत गेला. वाजलं ते बूट होतं की पाय, हे साहेबांनी कोणाला सांगितलं नाही.

"जरासा घट्ट आहे," ते दात आवळून म्हणाले.

"घट्ट नाही, साहेब. नवी ओळख आहे. सैल होईल."

शेजारच्याच बाकावर एका पाद्र्याला दोन बोटं आत जातील इतके ढगळ बूट दाखवून न्जोगूचा भाऊ सांगत होता, "कापूस घाला, फादर." गिकोंबातल्या बुटाला हे दोनच आजार होतात आणि दोन्हींवर तिथे औषध आहे. माप चुकलं असं आजवर त्या बाजारात कोणी कोणाला म्हटलेलं नाही.

"बाबा, बोटं दुमडलीत तुमची. चेहऱ्यावर दिसतंय."

"दुमडली नाहीत. विसावली आहेत. आणि नंबर बघितलास का? बेचाळीस! ती मॉलमधली पोरगी काय सांगते मला." त्या आकड्याने साहेबांना एवढं बरं वाटलं की डावा बूट आला तेव्हा त्यांनी तो घालूनही पाहिला नाही.

संध्याकाळी बापलेक गल्लीच्या फाटकातून आत शिरले तेव्हा ओंडियेकी गुरुजी नेहमीप्रमाणे खुर्ची टाकून बसले होते. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक आणि कॉलनीच्या रहिवासी संघाचे तहहयात अध्यक्ष. शाळा सुटली तरी त्यांची घंटा सुटली नव्हती.

"मुथोका, पिशवीतून चाकं दिसताहेत."

"स्केट्स आहेत, गुरुजी. ओरिजिनल."

"असतील. आता जरा मागे वळून ती पाटी मोठ्याने वाचा."

फाटकावर पाटी होती: या गल्लीत सायकल, चेंडू व स्केट यांस सक्त मनाई. हुकमावरून, सचिव, सुरक्षा. अक्षर वळणदार होतं. ते मुथोकासाहेबांचंच होतं. गेल्या वर्षी कोणा पोराच्या धक्क्याने त्यांच्या गाडीचा आरसा निखळला, तेव्हा त्यांनी संघात दणदणीत भाषण ठोकून हा नियम करून घेतला होता. एवढ्याने समाधान झालं नाही म्हणून उताराच्या मध्यावर मोठा गतिरोधकही घालून घेतला होता. तेव्हापासून न्दुकूला स्केटिंगला शहरात जावं लागायचं, आणि एकटी शहरात जाते म्हणून बोलणीही तिलाच खावी लागायची.

"माझ्यापुरता अपवाद..." साहेबांनी सुरुवात केली.

"अपवाद?" गुरुजींच्या डोळ्यांत मुख्याध्यापक चमकला. "सचिवानेच अपवाद मागावा? सभा बोलवावी लागेल."

सभा भरली. आमच्याकडे तीन माणसं एका विषयावर जमली की आधी प्रार्थना होते, मग समिती होते, मग समितीला अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार आणि फोनवर एक गट मिळतो. मूळ विषयाची वेळ आली तर येते. लग्नाची समिती, मयताची समिती, कोणाचं पोरगं पदवीधर झालं तर त्याची समिती. मुथोकासाहेब अशा कित्येक समित्यांवर खुर्ची उबवून आलेले होते. स्वतःच्या पायांसाठी समिती बसेल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

पहिली बैठक स्केट हे वाहन की पादत्राण यावर खर्ची पडली. "पायात घालतात, म्हणजे बूट," असं समोरच्या घरातल्या सिस्टर अकेयो म्हणाल्या. त्या मोठ्या इस्पितळात परिचारिका होत्या आणि त्यांना रात्रपाळी होती. "बूट स्वतःहून पुढे जात नाही," गुरुजी म्हणाले. "जे मालकाला न विचारता पुढे जातं ते वाहन."  शेवटी तोडगा निघाला. नियम मोडायचा नाही, वाकवायचाही नाही. वॉर्डाचे लोकप्रतिनिधी, माननीय गाचेरू, यांच्या हस्ते गल्लीत स्केटिंगचं रीतसर उद्घाटन करायचं. माननीयांनी फीत कापली की तो सार्वजनिक कार्यक्रम झाला, आणि सार्वजनिक कार्यक्रमाला नियम लागत नाहीत हे सगळ्या देशालाच ठाऊक होतं.

मुहूर्त ठरला सुट्टीतला शेवटचा रविवार. सोमवारी पहाटे न्दुकूची बस.

"बाबा, उद्घाटन कशाला?" न्दुकू म्हणाली. "मला फक्त एक फेरी हवीय. आपण शहरात जाऊन मारू या ना."

"अगं, होतंय सगळं व्यवस्थित. आता रस्त्यावर कुठे मारायची फेरी? बापाची काही इज्जत आहे की नाही?"

रोज संध्याकाळी पोर आपले स्केट्स खांद्यावर टाकून दारात उभी राहायची. "बाबा, येताय? उभं कसं राहायचं तेवढं तरी शिकवते. पडायचं कसं तेही शिकावं लागतं." आणि रोज साहेबांची बैठक असायची. एकदा शामियान्याचा रंग, एकदा माननीयांना भाजलेल्या बकऱ्याचा कुठला भाग वाढायचा, एकदा आभार आधी मानायचे की नंतर. दाराशी ती थोडा वेळ चाक बोटाने फिरवत थांबायची आणि मग आत जायची. साहेबांना हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं आणि आत कुठेतरी बोचतही होतं. पण एवढी माणसं आपल्यासाठी राबताहेत, त्यांना सोडून कसं जायचं, असा सोयीचा विचार लगेच मदतीला येई.

दुसरी अडचण ते कोणाला सांगू शकत नव्हते. स्केट्स पायात पाच मिनिटांवर राहत नव्हते. झोपायच्या खोलीत दार लावून ते घालत, पलंगाची कड धरून उभे राहत, डोळ्यांतून पाणी आलं की काढत. सैल होण्याचं नाव नव्हतं. ओळख जुनी होत होती, पण स्नेह काही जुळत नव्हता.

शेवटी शनिवारी रात्री त्यांनी गुरुजींजवळ मन मोकळं केलं. गुरुजींचा एक भाचा कॅनडात होता, आणि त्यामुळे गुरुजींना बर्फ, चीज आणि स्केट या तिन्ही विषयांतलं सगळं येत होतं.

"सोपं आहे," गुरुजी म्हणाले. "तिकडे नवे स्केट्स भट्टीत भाजतात. बूट मऊ होतो, गरम असताना घालायचा, पायाचा आकार घेतो. तुमच्याकडे ओव्हन आहे ना?"

"आहे."

"मग आजवर काय केलंत त्याचं?"

आजवर त्यात पातेली ठेवली होती. बुरुबुरूतल्या सगळ्या ओव्हनांत पातेलीच असतात. रविवारी सकाळी रोझालियाबाई लेकीला घेऊन चर्चला गेल्याचं बघून साहेबांनी पातेली जमिनीवर काढली आणि दोन्ही स्केट्स चाकांसकट जाळीवर मांडले. किती वेळ ठेवायचे हे भाचा बोलला नव्हता. साहेबांनी कोंबडीच्या हिशेबाने ठेवले.

घरभर जळक्या टायरचा वास सुटला तेव्हा त्यांनी ते बाहेर काढले. बूट खरोखरच मऊ झाले होते. पाय लोण्यात जावा तसा आत गेला. साहेबांना आनंदाने ओरडावंसं वाटलं आणि लगेच चटका बसल्यामुळे ते ओरडलेही. पट्टे आवळून ते खुर्चीवर बसून राहिले. बूट निवत गेले. निवता निवता त्यांनी पायाचा आकार घेतला. मग थोडा आणखी घेतला. मग ते घेतच राहिले.

न्दुकू चर्चमधून परत आली तेव्हा बाप दोन्ही पाय पुढे करून बसला होता.

"बाबा, हे काय?"

"बसले बघ. अगदी मापात."

"मग आता काढा. कार्यक्रम दुपारी आहे."

"काढून तर बघितले, बेटा." त्यांचा आवाज जरा खाली आला. "येत नाहीत."

तिने ओढले. आईने ओढले. सिस्टर अकेयो नुकत्याच रात्रपाळीवरून आल्या होत्या, त्यांनीही ओढून पाहिले आणि "तेल घाला, नाहीतर कापून काढू," असा निर्वाळा दिला. काय कापून काढू हे त्यांनी सांगितलं नाही. ओरिजिनल इटालियन बूट कापायला साहेबांनी साफ नकार दिला. शिवाय डाव्या बुटाचं एक चाक ओव्हनमध्ये एका बाजूने चपटं झालं होतं, पण आता त्याकडे बघायला कोणाला वेळ होता?

चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून गल्लीच्या वरच्या टोकाला शामियान्यात नेऊन ठेवलं. कोट, टाय, पायांत स्केट्स. देवाच्या मूर्तीला मिरवणुकीत उचलून नेतात तसं काहीसं ते दिसत होतं, फक्त मूर्ती कण्हत नाही. माननीय दुपारच्या जेवणाला येणार होते. म्हणजे जेवण झालं, आणि माननीय आले नाहीत. ते कुठेतरी रस्त्यात आहेत असं त्यांचा माणूस फोनवर सांगत होता. कुठल्या रस्त्यात, हे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही. समितीच्या लोकांनी बकरा संपवला, पुन्हा प्रार्थना केली, पोरांनी फुगे फोडले. साहेबांची बोटं आधी दुखली, मग ठणकली, मग बधिरच झाली. त्यांचं त्यांना काही कळेना.

न्दुकू स्केट्स घालून शेजारी उभी होती. ऊन उतरायला लागलं तशी ती वाकून म्हणाली, "बाबा, पहाटे बस आहे माझी. आता मारू या ना फेरी? कोणी बघत नाहीये."

"अगं, माननीय पोचतच असतील. एवढा मोठा माणूस येतोय आणि आपण आधीच सुरुवात केली तर बरं दिसेल का?"

 कडेला दगडावर बसून तिने पट्टे सोडले, स्केट्स काढून बाजूला ठेवले आणि घराकडे तोंड करून बसली.  साहेब तिला हाक मारणार, तेवढ्यात खाली फाटकात हॉर्न वाजला आणि माणसं उठून धावली.

माननीय गाचेरू आले ते बोलतच आले. लहानपणी आपण स्वतः लाकडी चाकांवर स्केटिंग करायचो, या वॉर्डात प्रत्येक पायाला चाक मिळाल्याशिवाय आपण स्वस्थ बसणार नाही, आणि रस्त्यांचं म्हणाल तर तो विषय निवडणुकीनंतर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फीत कापली गेली. मग माननीय दोन्ही हात पसरून साहेबांकडे वळले.

मोठा माणूस समोर आला की उठून हात मिळवायचा, हे मुथोकासाहेबांच्या हाडीमासी भिनलेलं होतं. ते उठले. पंधरा दिवसांच्या बैठकांत उठल्यानंतर काय करायचं यावर चर्चा झालेली नव्हती. चाकं उताराच्या बाजूला होती. साहेबांनी माननीयांचा हात धरला आणि ते निघाले.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, कार्यक्रमातलाच भाग आहे. टाळ्या चालूच राहिल्या. माननीय हसत हसत चार पावलं बरोबर चालले, मग भरभर चालले, मग धावायला लागले. "सोडा! सोडा हो!" ते ओरडत होते, पण साहेबांच्या त्या हाताशिवाय जगात दुसरं काही स्थिर उरलं नव्हतं. चपटं चाक टक टक टक करत होतं. मतदारामागे एवढ्या वेगाने धावणारा लोकप्रतिनिधी त्या गल्लीने पहिल्यांदाच पाहिला, आणि तो धावतोय ते आपल्या इच्छेने असा कित्येकांचा समज झाला.

"ब्रेक! बाबा, टाच दाबा!" मागून न्दुकूचा आवाज आला. टाच कुठे आहे हे साहेबांना सकाळपासून माहीत नव्हतं.

मग गतिरोधक आला. संघाच्या सुरक्षा सचिवांनी जातीने उभं राहून तो चांगला उंच करून घेतला होता. तिथे हात सुटला. माननीय जागच्या जागी बसले. साहेब थोडे हवेतून गेले आणि गुरुजींच्या काटेरी झुडपांच्या कुंपणात कमरेपर्यंत रुतले.

 साहेबांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा अर्ज आपल्या टेबलावर आला असता तर आपण तो नाकारला असता, आणि सभ्य वाक्यं चारही लागली नसती.

त्यांना ओढून काढून रस्त्याच्या कडेला बसवेपर्यंत माननीय गाडीत बसून निघून गेले होते आणि समितीत दोन तट पडले होते. गुरुजींच्या मते उद्घाटन झालं होतं. बाकीच्यांच्या मते माननीयांचं पतन झालं होतं. सिस्टर अकेयो एका हातात तेलाची बाटली आणि दुसऱ्या हातात भलीमोठी कात्री घेऊन आल्या. रोझालियाबाई नवऱ्याच्या कोटातले काटे उपटत होत्या आणि दर काट्यामागे एक वाक्य बोलत होत्या. ती इथे देण्याजोगी नाहीत.

"कापा," साहेब डोळे मिटून म्हणाले. "इटालियन गेलं खड्ड्यात."

"थांबा, सिस्टर." न्दुकू पुढे आली. तिने पुन्हा स्केट्स चढवले होते. "अजून कापू नका."

"अगं, त्यांचे पाय बघ!" आई म्हणाली.

"बघितले. पण बाबा, ही फेरी तुम्ही माननीयांबरोबर मारलीत. माझी बाकी आहे."

 साहेबांनी डोळे उघडून मुलीकडे पाहिलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच ते तिच्याकडे नीट पाहत होते. तिचे डोळे लाल झाले होते. त्यांना एकदम स्वतःची इतकी लाज वाटली की पायाचं दुखणं मागे पडलं.

"चल," ते म्हणाले. "मला उठव."

तिने उठवलं. पाय उताराला आडवे ठेवून एकेक पाऊल वर कसं चढायचं ते तिने दाखवलं, आणि कॉलनीचे सुरक्षा सचिव कोटाला काटे आणि केसांत पानं घेऊन मुलगी सांगेल तसे खेकड्यासारखे वर चढले. मागे गुरुजी होते, सिस्टर होत्या आणि पडलेच तर असू द्याव्यात म्हणून समितीतल्या दोघांच्या डोक्यावर खुर्च्या होत्या.

वर पोचल्यावर न्दुकूने त्यांना वळवून उताराकडे तोंड करून उभं केलं. "गुडघे वाकवा. आणखी. खाली बघू नका, समोर बघा." आणि मग त्याच स्वरात, समोर बघतच, ती म्हणाली, "बाबा, तिकडे मला कोणीच ओळखत नाही. रात्री मोठ्या खोलीत सगळ्या जणी झोपतात. मला झोप नाही आली तर?"

साहेबांजवळ कशावरही सल्ला तयार असे. आत्ता त्यांनी सगळं मन उलटंपालटं करून पाहिलं, पण एकही सापडला नाही.

"मलाही येणार नाही," ते म्हणाले. "मला भीती वाटतेय, न्दुकू."

"उताराची?"

"उताराची पण."

तिने मान हलवली आणि दोघं निघाले. हळूहळू, ती ब्रेक लावत, ते कण्हत, चपटं चाक टकटकत. घरांच्या दारांत उभी माणसं बघत होती. गतिरोधकाजवळ तिने वेग अगदी कमी केला, "आता एक पाय, आता दुसरा," म्हणाली, आणि ते पार झाले. पुढचा उतार मोकळा होता. वारा कानाला लागायला लागला तसे साहेब घाबरून म्हणाले, "हात सोडू नकोस हं!"

"मी कुठे धरलाय?" न्दुकू म्हणाली. "तुम्हीच धरलाय. मी कधीच सोडलाय."

समोर बघायचं असं तिने बजावलं होतं, तरी साहेबांनी एकदा खाली पाहिलं. पोरीने त्यांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरलं होतं.  त्यांनी गुडघे थोडे आणखी वाकवले आणि फाटक येईपर्यंत समोर बघत राहिले.